परिघीय धमनीविकार : आनुवंशिक जोखीमघटक

पायांना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भित्तींत मेदाचे थर साचून त्या अरुंद झाल्या, की जोतिबाच्या पायऱ्या चढताना पोटरीत गोळा यावा आणि थोडे थांबल्यावर तो ओसरावा, असे लक्षण दिसते; पुष्कळ रुग्णांत तेही नसते. म्हणून रुग्णाला आडवे झोपवून दंडाला व घोट्याच्या वर पट्टा बांधतात, डॉप्लर या ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने दोन्हीकडचा वरचा रक्तदाब मोजतात आणि घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले तर विकार आहे असे मानतात. धूम्रपान, मधुमेह व वाढते वय ही कारणे सर्वपरिचित असल्याने प्रस्तुत नोंद आनुवंशिक घटकांपुरती आहे.

आनुवंशिकतेचा वाटा किती, याविषयी एकमत नाही. स्वीडनमधील जुळ्यांच्या अभ्यासात (२०११) तो सुमारे ५८ टक्के आढळला, तर अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन हृदयरोग-पाहणीतल्या कुटुंबांत वर सांगितलेल्या गुणोत्तरापुरता तो सुमारे २१ टक्केच भरला. पहिल्या अभ्यासात निदान झालेले रुग्ण मोजले होते आणि दुसऱ्यात सर्वसाधारण लोकांतील दाबाचे गुणोत्तर, त्यामुळे हे आकडे परस्परांना खोडत नाहीत. तरीही जुळ्या भावंडांच्या सवयीही सारख्या असू शकतात हे ध्यानात घेता मोठा आकडा वरची मर्यादा म्हणून वाचणे अधिक सयुक्तिक वाटते.

सर्वाधिक चर्चा झाली ती १५ व्या गुणसूत्रावरील सीएचआरएनए३ या जनुकाच्या परिसराची. हे जनुक पेशींवरील निकोटीनग्राहीचा (निकोटीन जिथे चिकटते त्या प्रथिनाचा) एक घटक घडवते. आइसलँडमधील संशोधकांच्या पुढाकाराने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येथील एका रूपांतराचा (जनुकक्रमातील बदलाचा) संबंध रोज ओढल्या जाणाऱ्या सिगारेटींची संख्या, निकोटीनचे व्यसन, फुप्फुसाचा कर्करोग आणि परिघीय धमनीविकार या चारींशी आढळला. हे रूपांतर धमनीला थेट अपाय करते, की माणसाला अधिक ओढायला लावून आडवाटेने, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. पुढील पुरावा दुसऱ्या मताकडे झुकतो, आणि तेच येथे ग्राह्य मानले आहे. कोल्हापूर व निपाणीच्या परिसरात याला एक पुरवणी जोडावी लागते: येथे तंबाखू विडीतून जितकी ओढली जाते तितकीच चुना लावून खाल्ली जाते आणि मिश्री म्हणून दातांना लावली जाते, तेव्हा सिगारेटी मोजून काढलेला जोखमीचा अंदाज येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

अमेरिकी माजी सैनिकांच्या ‘मिलियन व्हेटरन प्रोग्रॅम’मधील विश्लेषणात (२०१९) ३१,३०७ रुग्ण व २,११,७५३ निरोगी व्यक्ती यांची तुलना होऊन १९ जनुकस्थाने निश्चित झाली. त्यांपैकी ११, ज्यांत रक्तातील मेदाशी संबंधित एलडीएलआर, एलपीएल व एलपीए ही जनुके आहेत, हृदय आणि मेंदूच्या धमन्यांच्या रोगांशीही निगडित निघाली. चार स्थाने केवळ परिघीय विकाराशी संबंधित दिसली. त्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणारे ‘फॅक्टर फाइव्ह लायडेन’ हे उत्परिवर्तन आहे. पायांच्या धमन्यांत मेदाइतकेच गुठळीलाही महत्त्व असावे, या तर्काला त्यामुळे बळ मिळाले. हे उत्परिवर्तन भारतीयांत युरोपीयांपेक्षा विरळ आहे.

एलपीए जनुकावर ठरणारे लायपोप्रोटीन-ए (रक्तातील एक मेदवाहक कण) मात्र दक्षिण आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा सरासरीने अधिक असते. त्याची पातळी बव्हंशी जन्मतःच निश्चित होते आणि आहाराने फारशी बदलत नाही, म्हणून ती आयुष्यात एकदा मोजली तरी सहसा पुरते. असे असूनही दक्षिण आशियाईंत या विकाराचे प्रमाण काही अभ्यासांत अपेक्षेहून कमी भरते. चेन्नईतील एका शहरी पाहणीत (२०००) ते ३.२ टक्के होते. मधुमेहात धमन्या कॅल्शियम साचून कडक होऊन घोट्याचा दाब खोटा वाढतो आणि गुणोत्तर ०.९० च्या वर राहून विकार निसटतो, हे त्यामागचे एक कारण असू शकेल.

तरुण विडी ओढणाऱ्यांच्या बोटांना गँगरीन करणारा ‘बर्जर रोग’ मेदसंचयातून होत नसल्याने वेगळा गणला जातो. त्याचा संबंध रोगप्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुकांच्या काही प्रकारांशी सांगितला गेला आहे, परंतु निष्कर्ष लोकसमूहागणिक बदलतात. एकजनुकीय कारणे विरळ आहेत: कुलागत अतिकोलेस्टेरॉल, होमोसिस्टिन्युरिया (रक्तात होमोसिस्टीन हे द्रव्य साचणारा विकार), आणि एनटी५ई जनुकातील दोषाने पायांच्या धमन्यांत कॅल्शियम साचवणारा, २०११ मध्ये वर्णिलेला विकार. शेवटचे दोन अप्रभावी वारशाने, म्हणजे आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच, येतात, म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घराण्यांत त्यांची शक्यता तुलनेने वाढते.