हशा नुसत्या वाक्यात नसतो

‘विनोद चांगला असला की लोक हसतातच.’ सोलापुरात हौशी नाटकाच्या तालमीला बसा, हे ऐकू येणारच. तसं नसतं हो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी रोजच्या गप्पांतल्या हसण्याच्या १,२०० नोंदी केल्या. विनोद म्हणावा अशा वाक्यानंतरचं हसू त्यात फार तर २० टक्के. बाकीचं ‘बरं, निघतो मी’ छापाच्या बोलण्यावर! शिवाय एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस ३० पट जास्त हसतो, असंही त्यांना आढळलं. म्हणूनच इथल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात भरल्या खुर्च्यांपुढे उसळणारं नाटक विखरून बसलेल्या पन्नास जणांपुढे पडतं. खुर्च्या जवळ भरून घ्या, निम्मं काम तिथंच होतं.

उरलेलं काम वेळेचं. आपलं सोलापुरी ‘काय बे’च घ्या. भांडणात तोंडावर फेकलं तर ती धमकी. तोच नट तणतणत दारापर्यंत गेला, थांबला, वळला, पायात एकच चप्पल असल्याचं त्याला दिसलं आणि मग चपलेकडेच बघून हळू म्हणाला, ‘काय बे?’ की हशा. तो चढत असताना पुढचं वाक्य टाकलंत तर वाहून जातं. ओसरू लागला की बोलायचं. तालमीत मात्र पाठांतरच घोटून घेतात.