चुकून दुसऱ्याच्या खात्यात पैसे गेले? काउंटरवर येण्याआधी हे वाचा

सातबारा, पीक विमा, लाइट बिल, पॅन कार्ड ही आमची रोजची कामे. त्यात हल्ली एकाची भर पडली आहे. कुणीतरी घाईघाईने येतो, मोबाइल काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "दादा, पैसे भलत्याच माणसाला गेले. तेवढे परत घेऊन द्या." प्रत्येकाला तेच सांगताना मागे रांग वाढते, म्हणून हा कागद छापला आहे.

गेलेले पैसे परत ओढायचे बटण आमच्या कॉम्प्युटरमध्ये नाही. बँकेच्या साहेबांकडेही नाही. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे समोरच्याच्या खात्यात जमा झाले, की त्याच्या संमतीशिवाय त्याची बँक ते सहसा काढून देत नाही. हे ऐकून काही जण आमच्यावरच चिडतात. पण उद्या कुणीतरी नुसता अर्ज दिला म्हणून तुमच्या खात्यातून वीस हजार काढून दिले, तर तुम्हाला चालेल का?

पैसे नेमके गेले कुठे?

चुकीचा टाकलेला खाते क्रमांक कुणाचाच नसेल, तर फारशी काळजी नाही. ते पैसे आपोआप परत येतात. एनईएफटीत (बँकेतून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायची एक पद्धत) जमा न झालेली रक्कम दोन तासांत परत फिरवायची, असा नियम आहे. यूपीआय किंवा आयएमपीएसने (बँकेतून लगेच पैसे पोचवायची पद्धत) एकमेकांना पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून कापले गेले आणि पुढे जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, हे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच ठरवून दिले आहे. मोबाइलवर "पेंडिंग" दिसत असेल तर गप्प बसा. पुन्हा पाठवू नका. चाक फिरतेय म्हणून दुसऱ्यांदा पाठवले आणि दोन्ही वेळा गेले, असे गिऱ्हाईक आमच्याकडे दर आठवड्याला येते.

खरी पंचाईत होते ती तो क्रमांक जिवंत असेल तर, म्हणजे तुमचे पैसे खऱ्याखुऱ्या माणसाच्या खात्यात जमा झाले असतील तर. पुढचे सगळे त्याबद्दल.

फोन करत बसू नका

सगळ्यात जास्त नुकसान होते ते इथे. पैसे चुकले हे कळल्यावर लोक बँकेला सांगत नाहीत, समोरच्याला फोन करत बसतात. पहिल्या दिवशी तो "बघतो" म्हणतो. दुसऱ्या दिवशी "गावाला आलोय". तिसऱ्या दिवशी फोन बंद. मग आमच्याकडे येतात. तोवर त्याने पैसे काढून खर्च केलेले असतात, नाहीतर खात्यातून कर्जाचा हप्ता कापला गेलेला असतो. खाते रिकामे झाले की त्याच्या बँकेच्याही हातात फार काही उरत नाही. तेच पहिल्या तासात कळवले, तर निदान खातेदाराशी बोलून ती रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते.

म्हणून आधी बँक, मग बाकीचे. आणि बँक म्हणजे तुमची बँक. ज्याच्याकडे पैसे गेले त्याच्या शाखेत जाऊन भांडून उपयोग नाही. तुम्ही त्यांचे खातेदार नाही, आणि ते त्या माणसाचा पत्ता किंवा फोन नंबर तुम्हाला देणार नाहीत. त्या बँकेशी पत्रव्यवहार तुमचीच बँक करते. कस्टमर केअरचा नंबर पासबुकवर किंवा एटीएम कार्डाच्या मागे असतो, तोच लावा. गुगलवर शोधून पहिला दिसेल तो नंबर लावणारे आणखी पैसे घालवून येतात. पैसे परत मिळवायला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, मोबाइलमध्ये कसले अ‍ॅपही टाकावे लागत नाही. तसे कुणी मागितले की फोन ठेवून द्या.

यूपीआयने पाठवले असतील तर अ‍ॅपच्या हिस्ट्रीत ती नोंद उघडा. तिथेच तक्रारीची सोय असते, ती त्याच मिनिटाला करून टाका. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचा टोल फ्री नंबर १८००-१२०-१७४० हा आहे.

तो एक नंबर

आता आमची हात जोडून विनंती. व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हाला जो फोटो पाठवता त्यात मोठा हिरवा टिक असतो, रक्कम असते, आणि नेमका खालचा भाग कापलेला असतो. आम्हाला तो खालचाच भाग हवा असतो. यूपीआय आणि आयएमपीएसला १२ आकडी रेफरन्स नंबर असतो. एनईएफटीचा यूटीआर, म्हणजे तसाच व्यवहाराचा नंबर, १६ अक्षरांचा, आरटीजीएसचा (मोठ्या रकमा पाठवायची पद्धत) २२ अक्षरांचा. बँक तुमचा व्यवहार या नंबरावरून शोधते. "सोमवारी दुपारी पाच हजार पाठवले" एवढ्यावर कुणी काही शोधू शकत नाही. मोबाइलमधला मेसेज डिलीट झाला असेल तर पासबुक भरून घ्या. नोंदीत तो बहुतेक वेळा छापलेला असतो.

अर्जात तुमचा खाते क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम आणि हा नंबर लिहा. पैसे कोणत्या खात्यात पाठवायचे होते आणि कोणत्या खात्यात गेले, दोन्ही क्रमांक एकाखाली एक लिहा, म्हणजे चूक एका नजरेत दिसते. पासबुकाची झेरॉक्स जोडा. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घालून पोच घ्या. "साहेबांना सांगून आलोय" याला पुढे काही किंमत राहत नाही.

चुकून गेले असतील तर "चुकून" असेच लिहा. पैसे लवकर मिळतील म्हणून काही जण १९३० वर फोन करून "फसवणूक झाली" सांगतात. तो नंबर सायबर फसवणुकीसाठी आहे. कुणी खोटे बोलून, लिंक पाठवून पैसे काढून घेतले असतील तर एक क्षणही न थांबता तिथेच फोन करा. पण तुमचाच आकडा चुकला असताना दुसऱ्यावर फसवणुकीची तक्रार केलीत, तर एखाद्या निर्दोष माणसाचे खाते गोठते आणि मग तो तुमच्या अंगावर येतो. सरळ मार्गाने परत मिळाले असते ते पैसेही अडकून पडतात.

तो देतच नसेल तर

बँकेत अर्ज देऊन झाला की समोरच्याशी जरूर बोला, पण नीट बोला. रेफरन्स नंबर पाठवा, तुमच्या बँकेत अर्ज दिलाय हे सांगा आणि त्याच्या बँकेचा फोन आला की संमती द्या, अशी विनंती करा. शिव्या आणि धमक्या त्याच्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड होतात.

तरीही नाही म्हणाला तर कायदा तुमच्या बाजूने आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेले पैसे परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. वकिलाची नोटीस द्या. तेवढ्याने न भागल्यास दिवाणी दावा करता येतो, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. दुसऱ्याचे पैसे आहेत हे कळूनही जाणूनबुजून वापरले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली पोलिसांतही तक्रार होऊ शकते. अर्थात आठशे रुपयांसाठी वकील लावायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तुमच्या बँकेने अर्जाला ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही. मात्र तिथे बँकेने कुचराई केली का, एवढेच बघतात. तुमच्या हातून आकडा चुकला तो दोष बँकेवर टाकता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे की पैसे खाते क्रमांक बघून जमा होतात, नाव बघून नाही, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची.

आम्ही वेळ का लावतो

"शेजारच्या दुकानात दोन मिनिटांत होतं, तुम्ही दहा प्रश्न विचारता," असे आम्हाला ऐकावे लागते. ऐकतो. पण खाते क्रमांक आम्ही दोनदा मोठ्याने वाचून घेणार, स्लिपवर तुमची सही घेणार आणि नाव दाखवल्याशिवाय पुढे जाणार नाही. एनईएफटी आणि आरटीजीएसला खातेदाराचे नाव आधी दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पासून बँकांनी द्यायची आहे. यूपीआयमध्येही बँकेत नोंदलेले नाव दिसते. तुमच्या फोनमध्ये "बाळू ट्रॅक्टर" म्हणून सेव्ह केलेला नंबर बाळूने कधीच सोडलेला असतो आणि कंपनीने तो दुसऱ्याला दिलेला असतो. स्क्रीनवर वेगळेच नाव येते, पण ते वाचतो कोण?

दुसरे, कागदाच्या चिठ्ठीवर हाताने लिहिलेला खाते क्रमांक आम्ही घेत नाही. त्यात मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतात. मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो, मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा. चिठ्ठी लिहिली आजोबांनी, टाइप केले नातवाने, आणि पैसे गेले तिसऱ्यालाच. पासबुकाच्या पहिल्या पानाचा किंवा चेकचा स्पष्ट फोटो आणा. आयएफएससी कोडमधले (बँकेच्या शाखेचा कोड) पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते, तिथे इंग्रजी ओ टाकू नका.

नव्या खात्यात मोठी रक्कम पाठवायची असेल तर आम्ही आधी एक रुपया पाठवतो. पलीकडून "आला" असा फोन आला की मग बाकीचे. वेळ जातो, मान्य आहे. पण उसाचे बिल किंवा मुलाची हॉस्टेलची फी भलत्याच्या खात्यात जाण्यापेक्षा दहा मिनिटे थांबलेले बरे.

आमच्या काउंटरवर रोख देऊन पाठवलेल्या पैशांत गडबड झाली तर तक्रार आम्हीच लावतो. त्यासाठी आम्ही दिलेली पावती लागते, ती फेकू नका. बाकी कुठूनही पाठवलेले असले तरी अर्ज टाइप करून देणे, ऑनलाइन तक्रार भरणे, लोकपालाचा फॉर्म ही कामे आम्ही करतो. दर काउंटरवर लावले आहेत. पैसे परत येतीलच अशी हमी देत नाही आणि आलेल्या पैशांत टक्केवारीही घेत नाही. "निम्मे द्या, आणून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

आणि तुमच्याच खात्यात अनोळखी पैसे आले तर? "ताई, चुकून पाठवले, या नंबरवर परत टाका" असा फोन येतो. आधी पासबुक किंवा बॅलन्स बघा, कारण नुसता मेसेज खोटाही असतो. पैसे खरेच आले असतील तरी सांगितलेल्या नंबरवर टाकू नका. तुमच्या बँकेला लेखी कळवा आणि जिथून आले तिथेच बँकेमार्फत परत जाऊ द्या.

येताना मोबाइल, पासबुक, आधार आणि न कापलेला स्क्रीनशॉट आणा. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत गर्दी असते. पैसे चुकून गेले असतील तर रांगेत थांबू नका, तसे काउंटरवर सांगा, तुम्हाला आधी घेऊ.