रिमोट अ‍ॅड्रेस की एक्स-फॉरवर्डेड-फॉर: खरा आयपी कुठला धरायचा?

साइटपुढे प्रॉक्सी, म्हणजे रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन मग अ‍ॅपकडे पोचवणारा सर्व्हर, बसवली की लॉगमध्ये सगळ्या ओळींत एकच आयपी दिसू लागतो. मग नाशिकमधल्या आमच्या डेव्हलपर मंडळींत कोणीतरी हमखास सांगतं, ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर वाच, त्यातला पहिला आयपी उचल, झालं काम.’ एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे हेडर, म्हणजे रिक्वेस्टसोबत येणारी माहितीची ओळ; रिक्वेस्ट कोणाकोणाकडून आली त्या पत्त्यांची यादी तिच्यात असते. पण हा सल्ला धोक्याचा आहे.

रिमोट अ‍ॅड्रेस तुम्हाला ठाऊक आहेच: सर्व्हरशी थेट टीसीपी जोडणी करणाऱ्याचा पत्ता. मध्ये एनजिनएक्ससारखी प्रॉक्सी असेल तर तो त्या प्रॉक्सीचाच येणार.

एक्स-फॉरवर्डेड-फॉर हा मात्र रिक्वेस्टसोबत आलेला नुसता मजकूर आहे. कर्ल (हाताने रिक्वेस्ट पाठवायचं साधन) वापरता येणारा कोणीही तो हवा तसा लिहून पाठवतो. समजा, द्राक्षांच्या बुकिंगच्या साइटवर पिंपळगाव बसवंतहून कोणी आलं. त्याचा आयपी २०३.०.११३.२५, पण हेडरमध्ये त्याने स्वतःच १.२.३.४ भरून पाठवलं. नेहमीच्या कॉन्फिगनुसार एनजिनएक्स आलेला मजकूर पुसत नाही, खरा पत्ता त्याच्या शेवटी जोडतो. अ‍ॅपला मिळतं ‘१.२.३.४, २०३.०.११३.२५’. पहिला उचललात तर थाप उचललीत! लॉगिनची मर्यादा त्याच आयपीवर लावली असेल, तर तो दर वेळी नवा आकडा टाकून पासवर्ड चाचपत बसेल.

म्हणून यादी उजवीकडून वाचा. आपल्या प्रॉक्सींचे पत्ते एकेक करून वगळा. पहिला अनोळखी पत्ता भेटला की थांबा, तोच पाहुण्याचा. त्याच्या डावीकडचं काहीही विश्वासाचं नाही. एनजिनएक्सचं रियल आयपी मॉड्यूल हेच करतं, फक्त ‘रियल आयपी हेडर’मध्ये एक्स-फॉरवर्डेड-फॉर लिहा, ‘सेट रियल आयपी फ्रॉम’मध्ये आपल्याच प्रॉक्सींचे पत्ते द्या आणि ‘रियल आयपी रिकर्सिव्ह’ चालू ठेवा. प्रॉक्सींच्या पत्त्यांच्या जागी ०.०.०.०/०, म्हणजे जगातले सगळे पत्ते, लिहिलेलं दिसलं की माझं डोकंच फिरतं. सगळ्या जगावर विश्वास ठेवल्यावर मॉड्यूल पुन्हा डावीकडच्या टोकालाच जाऊन पोचतं. अपॅचे सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी मॉड रिमोटआयपी हे मॉड्यूल आहे, त्यालाही हाच नियम.

२०१४च्या आरएफसी ७२३९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने ‘फॉरवर्डेड’ हे प्रमाणित हेडर आणलं. लिहिण्याची पद्धत नेटकी झाली, थाप मारायची सोय तशीच राहिली.

आणि अ‍ॅपचा पोर्ट बाहेरून उघडा ठेवू नका. प्रॉक्सीला वळसा घालून थेट अ‍ॅपशी बोलता आलं, तर अख्खी यादीच पाहुण्याच्या हातची असते.