रूपांतरक्षम रोबोट मॉडेल किट

माणसाच्या आकाराचा रोबोट आणि विमान किंवा वाहन अशी दोन वा अधिक रूपे एकाच प्रतिकृतीला देता यावीत, या हेतूने रचलेल्या प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या संचास रूपांतरक्षम रोबोट मॉडेल किट म्हणतात. कारखान्यातूनच जोडून येणाऱ्या खेळण्याहून ते वेगळे असते, कारण सांधे किती घट्ट बसतील आणि पृष्ठभाग किती स्वच्छ दिसेल, हे येथे बरेचसे जोडणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

हा प्रकार जपानमध्ये रुजला. ‘मोबाईल सूट गंडाम’ या १९७९ च्या दूरचित्रवाणी मालिकेवरून बांदाई कंपनीने जुलै १९८० मध्ये १/१४४ प्रमाणातला पहिला संच ३०० येनला विक्रीस आणला. तो गोंदाने चिकटवावा आणि रंगवावा लागे, आणि त्याला दुसरे रूप नव्हते. १९८२ च्या ‘मॅक्रॉस’ मालिकेसाठी शोजी कावामोरी यांनी रेखाटलेले व्हीएफ-१ हे यंत्र मात्र मुळातच विमान होते. त्याची ठेवण अमेरिकी एफ-१४ या लढाऊ विमानासारखी असून रोबोट होताना त्याची इंजिने पाय बनतात आणि धूर सोडणारी तोंडे पावले बनतात. १९८५ मध्ये गंडाम मालिकांतलाच, विमान होणारा झेटा गंडाम हा रोबोट आला. त्याच्या रूपांतरात डोके धडात शिरते आणि ढाल विमानाच्या पुढच्या टोकाशी जाते.

लहान आकारात खरी अडचण प्लॅस्टिकच्या जाडीची आहे. कथेतला झेटा १९.८५ मीटर उंच आहे. १/१४४ प्रमाणात तो जेमतेम १३.८ सेंटिमीटर होतो. एक मिलिमीटर जाडीचे कवच मूळ यंत्राच्या मापाने १४ सेंटिमीटरहून जाड ठरते, आणि साच्यातून निघणारी भिंत प्रमाणाबरोबर हवी तितकी पातळ करता येत नाही. चित्रात एकमेकांवर सहज दुमडणारे भाग प्रत्यक्षात एकमेकांना अडतात. त्यांना जागा करून द्यावी, तर बिजागऱ्या बारीक होतात आणि रोबोट डुगडुगतो. बांदाईने २००३ च्या १/१४४ झेटामध्ये काही भाग बदलून विमान करण्याचा मार्ग घेतला, तर २०१२ च्या ‘रिअल ग्रेड’ या संचांच्या मालिकेतल्या झेटाला त्याच प्रमाणात पूर्ण रूपांतर दिले. हासेगावा कंपनी व्हीएफ-१ ची १/७२ प्रतिकृती प्रत्येक रूपासाठी वेगळ्या संचात देते. भाग बदलण्याच्या पद्धतीला काही शौकीन कमी लेखतात, पण ते योग्य नाही, कारण तिच्यामुळे धड भरीव राहते आणि दोन्ही रूपांची प्रमाणबद्धता टिकते.

जोडणीत भाग रनरपासून, म्हणजे ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून, निपरने (बारीक कातर-पकडीने) दोनदा कापून वेगळे करावेत. पहिला काप थोडा दूर घ्यावा आणि दुसरा भागालगत घ्यावा, म्हणजे प्लॅस्टिक ताणून पांढरे पडत नाही. उरलेली खूण ४०० ते १००० क्रमांकांच्या काचपेपरने क्रमाक्रमाने घासावी. रूपांतर होणाऱ्या संचात याहून अधिक काळजी लागते, कारण रंगाचा पातळ थरही फिरणाऱ्या भागांना जाड पडतो आणि दोन-तीन रूपांतरांत खरवडला जातो. म्हणून घासणारे पृष्ठभाग रंगाविना ठेवणे किंवा आधी किंचित घासून घेणे इष्ट असते. पृष्ठभागावरच्या कोरीव रेघांत रंग भरण्यासाठी वापरलेला इनॅमल थिनर (रंग पातळ करणारा द्रव) ताणाखालच्या एबीएस या कडक प्लॅस्टिकच्या भागात झिरपला, तर तो भाग तडकतो, आणि नेमके सांधेच पुष्कळदा एबीएसचे असतात. सैल खुंटीवर सायनोअॅक्रिलेट गोंदाचा पातळ लेप देऊन तो पूर्ण वाळल्यावरच ती बसवावी.

मूल्यमापन पहिल्या रूपांतरावरून करू नये, कारण नव्या सांध्यांची पकड फसवी असते. निदान दहा वेळा रूप बदलून पाहावे, आणि त्यात कोणता भाग गळून पडतो, कोणत्या फटी रुंदावतात आणि हात घसरल्यास कोणते टोक मोडेल, याची नोंद ठेवावी. विमान पुढच्या टोकाने धरून उचलले असता मधोमध वाकले, तर खाचा आणि खुंट्या एकमेकांना खरोखर पकडत नाहीत, असे समजावे. रोबोटच्या रूपात तो शस्त्र हाती घेऊन आधाराविना उभा राहतो का, हेही पाहावे. अंगात विमानाचा बोजा असल्याने वजन पाठीकडे झुकते, आणि घोटा हा त्याचा सर्वांत कमकुवत सांधा ठरतो. शेवटी प्रतिकृती काही दिवस त्याच उभ्या स्थितीत ठेवून पुन्हा तपासावी, कारण पॉलिथिलीनचे मऊ सांधे सततच्या भाराखाली हळूहळू ढिले पडतात.