‘मी समीक्षक नाही, पण…’ : वाचकाच्या मताची पार्श्वभूमी

नव्या कादंबरीवर मत देताना मराठी वाचक आधी जामीन भरतो: ‘मी काही समीक्षक नाही, पण…’ आवडलं की नाही, ते त्यानंतर. या संकोचाला इतिहास आहे. कादंबरीच्या वाचकाला काय झेपतं आणि काय बाधतं, यावर मराठीत शंभरेक वर्षं इतरांनीच बोलून घेतलं.

१८६८ साली ‘मंजुघोषा’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत लेखकाने कबुली दिली की आपल्या रोजच्या जगण्यात मन खिळवून ठेवेल असं काही नसतं, म्हणून रंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं. वाचकाची आवड त्याने गृहीत धरली. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अश्लीलतेची एक कसोटी ठरली. वाईट परिणाम ज्यांच्या मनावर चटकन होऊ शकतो अशांच्या हाती पुस्तक पडलं तर ते बिघडतील का, असा तिचा सवाल होता. म्हणजे मापाला धरलेला वाचक सर्वांत कच्चा. ही कसोटी पुढे आपल्याकडच्या न्यायालयांतही आली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली एका इंग्रजी कादंबरीच्या खटल्यात ती मान्यही केली. हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या छापणारी नियतकालिकं, दिवाळी अंक, गावोगावची वाचनालयं हा मधला भाग सर्वांच्या परिचयाचा आहे, तो सोडतो.

खरी गाठ पडते १९६९ साली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या एका दीर्घ कथेवर खासगी तक्रारीवरून खटला झाला होता. नायक शिक्षक आणि कवी, त्याच्या आयुष्यात एकामागून एक आलेल्या तीन स्त्रिया, असा ऐवज. आज वाचणाऱ्याला त्यात दचकण्यासारखं काय होतं, असाच प्रश्न पडेल. उच्च न्यायालयाने मात्र लेखकाला दोषी धरलं. प्रकरण दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी लेखक सुटला.

निकालातली दोन-तीन वाक्यं कादंबरीच्या वाचकाने मुळातून वाचावीत अशी आहेत. कामजीवनाचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता असं मानलं, तर तरुणांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील, असं न्यायालयाने म्हटलं. सुटे उतारे काढून चालणार नाही, कृती सबंध पाहायला हवी, हेही सांगितलं. मात्र हा प्रश्न साक्षीपुराव्यावर सर्वस्वी सोडता येत नाही, निर्णय शेवटी न्यायालयानेच करायचा, असंही बजावलं.

आणि मग न्यायालयाने जाता जाता शेराही मारला: कथेचा वाङ्मयीन दर्जा फार वरचा नसेल, लेखकाचा कच्चेपणा आणि अपुरा अनुभवही तीत दिसत असेल, पण यात गुन्हा नाही. माझ्या मते मराठी कथात्म लेखनावरचा हा सर्वांत प्रामाणिक वाचक-अभिप्राय आहे. फारसं जमलेलं नाही आणि तरीही असू द्या, या दोन गोष्टी एका दमात म्हणायला आपल्या जाणकारांना अजूनही जड जातं. काहींना हा निकाल तोकडा वाटतो, कारण कच्च्या वाचकाची जुनी कसोटी त्याने मोडीत काढली नाही. आक्षेप रास्त आहे. ते काम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली केलं, तेही एका छायाचित्राच्या खटल्यात.

न्यायालयाबाहेर वाचकाची मतं पेन्सिलीने लिहिली जात होती. लायब्ररीच्या कादंबरीत शेवटच्या पानावर ‘भिकार’, ‘शेवट गंडला’, खाली दुसऱ्या अक्षरात ‘तुम्हीच लिहा मग’. पुस्तक बाइंडिंगला गेलं की हा सगळा ठेवा पुठ्ठ्याखाली जायचा.

साठच्या दशकात या मतांत फूटही पडली. १९६२ साली ‘स्वामी’ आली, १९६३ साली ‘कोसला’. पहिलीला वाचनालयांत नंबर लावावे लागत आणि १९६४चा साहित्य अकादमी पुरस्कारही तिलाच मिळाला. दुसरीवरून घराघरांत भांडणं झाली. दोन्ही आवडतात असं सांगणारा वाचक तेव्हा दोन्हीकडून संशयित ठरे. त्याच १९६४च्या जानेवारीत ‘ललित’ मासिक सुरू झालं आणि ग्रंथांच्या बातम्या, गप्पा, चिमटे यांना हक्काची जागा मिळाली. पुढे तिथेच ‘चोखंदळ वाचकांची निवड’ रुजली. चोखंदळ नसलेल्यांनी कुठे जायचं, हे मात्र अनुत्तरित राहिलं.

ते गेले संगणकावर. १९९६ साली अमेरिकेतून एक मराठी संकेतस्थळ सुरू झालं. आसपास मराठी वाचनालय नसलेली माणसं तिथे वाचलेल्या पुस्तकांवर लिहू लागली. देवनागरी टंकणं सोपं झाल्यावर इथलेही आले. सुरुवातीच्या त्या लिखाणात पेन्सिलीचा उद्धटपणा बराच शिल्लक होता: कुठल्या पानावर कंटाळा आला, कुठलं पात्र खोटं वाटलं, किंमत वसूल झाली का, सगळं लिहिलेलं असे.

फेसबुकनंतर लेखक आणि वाचक एकाच यादीत आले आणि चित्र पालटलं. आता बहुतेक नव्या कादंबरीवरचं पहिलं मत प्रकाशन समारंभाच्या फोटोखाली येतं, लेखकाला टॅग करून, आणि ‘आवर्जून वाचावी’ इथे संपतं. नावडल्याचं मत त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर दोघा-तिघांना जातं, ‘पुढे पाठवू नकोस’ अशा तळटीपेसह.