विभव शून्य, तरीही क्षेत्र शून्य नाही: समविभव रेषा आणि बलरेषा

प्रभाराभोवतीच्या आकृतीत दोन प्रकारच्या रेषा एकमेकींना छेदताना दिसतात. धनप्रभारापासून बाहेर पडणाऱ्या, बाण असलेल्या रेषा म्हणजे विद्युत बलरेषा. प्रभाराला वेढून जाणाऱ्या, बहुधा तुटक काढलेल्या आणि बाण नसलेल्या रेषा म्हणजे समविभव रेषा. आकृतीत त्या वेगवेगळ्या ओळखणे अवघड नाही. गोंधळ होतो तो त्यांच्यामागच्या दोन राशींचा, म्हणजे विद्युत क्षेत्र आणि विद्युत विभव यांचा. ‘जेथे विभव शून्य, तेथे क्षेत्रही शून्य’ असे अनेक विद्यार्थी बेधडक लिहून जातात, आणि सूत्रे तोंडपाठ असूनही ही समजूत वर्षानुवर्षे तशीच राहते.

एखाद्या बिंदूवर एक कूलोम (प्रभाराचे एकक) धनप्रभार ठेवल्यास त्यावर किती बल आणि कोणत्या दिशेने लागेल, हे विद्युत क्षेत्र सांगते. म्हणून क्षेत्र ही सदिश राशी आहे. तोच प्रभार अनंत अंतरावरून त्या बिंदूपर्यंत सावकाश आणण्यासाठी किती कार्य करावे लागेल, हे विभव सांगतो. त्याला दिशा नसते. असते ती फक्त धन किंवा ऋण किंमत. बलरेषांची कल्पना मायकेल फॅरडे यांनी रुजवली, तर विभवाला आज रूढ असलेले नाव जॉर्ज ग्रीन यांनी १८२८ साली दिले. दोन्ही कल्पना वेगवेगळ्या वाटांनी आल्या असल्या, तरी एकीवरून दुसरी काढता येते, आणि नेमके कसे ते आकडे घालून पाहिल्याशिवाय मनात ठसत नाही.

एक नॅनोकूलोमचा, म्हणजे कूलोमच्या एक अब्जांश भागाएवढा, एकच धनप्रभार घेऊ. त्याच्यापासून १ मीटरवर विभव सुमारे ९ व्होल्ट असतो, १.५ मीटरवर ६ व्होल्ट आणि ३ मीटरवर ३ व्होल्ट. प्रत्येक ३ व्होल्टला एक याप्रमाणे वर्तुळे काढत गेलो, तर प्रभाराजवळ १८ व्होल्टचे वर्तुळ ०.५ मीटरवर आणि १५ व्होल्टचे ०.६ मीटरवर येते. म्हणजे तेवढाच ३ व्होल्टचा फरक आत अवघ्या १० सेंटीमीटरांत पडतो, तर बाहेर ६ वरून ३ व्होल्टवर उतरायला दीड मीटर लागतो. आता क्षेत्र पाहा: ०.५ मीटरवर ते दर मीटरला ३६ व्होल्ट आहे, तर ३ मीटरवर दर मीटरला केवळ १ व्होल्ट. समविभव रेषा जेथे दाटीने येतात तेथे क्षेत्र तीव्र, आणि जेथे विरळ होतात तेथे क्षीण. डोंगराच्या नकाशातील समोच्च रेषांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे चटकन उमगेल. रेषेवर लिहिलेला आकडा उंची सांगतो, तर उतार किती तीव्र आहे हे शेजारच्या रेषेपर्यंतच्या अंतरावरून कळते. विभव म्हणजे उंची आणि क्षेत्र म्हणजे उतार, एवढे भान ठेवले की पुढचे बरेचसे आपोआप सुटते.

आता १ नॅनोकूलोमचा धनप्रभार आणि तेवढाच ऋणप्रभार एकमेकांपासून २ मीटरवर ठेवू. मध्यबिंदूवर एकाचा विभव अधिक ९ व्होल्ट, दुसऱ्याचा उणे ९ व्होल्ट, बेरीज शून्य. पण क्षेत्राचे काय? धनप्रभार तेथील एकक प्रभाराला दूर ढकलतो आणि ऋणप्रभार त्याच दिशेने ओढतो, त्यामुळे दोन्ही क्षेत्रे एकमेकांत मिळतात आणि दर मीटरला १८ व्होल्ट एवढे क्षेत्र तयार होते. दोन्ही प्रभार धन असते तर चित्र अगदी उलट झाले असते: मध्यबिंदूवर विभव १८ व्होल्ट, पण दोन्हींचे ढकलणे परस्परविरुद्ध असल्यामुळे क्षेत्र शून्य. ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून शिकवली गेली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या उदाहरणात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. समविभव रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत, असे सांगितले जाते. भिन्न किमतींच्या रेषांबाबत ते पूर्ण खरे आहे, कारण एका बिंदूला दोन विभव असू शकत नाहीत. मात्र दोन समान धनप्रभारांमधील १८ व्होल्टची रेषा मध्यबिंदूवर स्वतःलाच छेदते आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते. क्षेत्र शून्य असलेल्या ठिकाणीच हे घडू शकते.

बलरेषा समविभव रेषेला नेहमी काटकोनात का छेदते, याचे कारण व्याख्येतच आहे. समविभव रेषेवरून प्रभार सरकवताना काहीच कार्य होत नाही. क्षेत्राचा थोडासा जरी घटक त्या रेषेच्या दिशेने असता, तर कार्य झाले असते आणि विभव बदलला असता.

हे सारे प्रयोगशाळेत हाताने करून पाहता येते. काळ्या विद्युतवाहक कागदावर धातूचे दोन सारखे गोल ठिपके असतात. त्यांना ६ व्होल्टची बॅटरी जोडायची. व्होल्टमीटरची काळी तार ऋण ठिपक्याला लावून लाल तारेचे टोक कागदावर टेकवत जायचे आणि जेथे ३ व्होल्ट दिसतील तेथे खूण करायची. खुणा जोडल्या की दोन्ही ठिपक्यांच्या बरोबर मधून जाणारी सरळ रेषा मिळते. २ आणि ४ व्होल्टच्या रेषा आपापल्या ठिपक्याकडे वळतात. कागदाच्या कडेजवळ रेषा काटकोनात कडेला भिडतात, कारण विद्युतधारा कडेबाहेर जाऊ शकत नाही. मीटरने मोजला जातो तो विभवातील फरक. बलरेषा मात्र आपणच त्या रेषांना लंब काढत जायच्या असतात.

त्यानंतर काळी तार ऋण ठिपक्यावरून उचलून मधल्या रेषेवर टेकवावी. कागदावरचा प्रत्येक आकडा ३ने कमी होतो, ३ व्होल्टची रेषा शून्याची होते, आणि ऋण ठिपक्यावर उणे ३ व्होल्ट दिसतात. समविभव रेषांचे आकार जसेच्या तसे राहतात, आणि त्यांना लंब काढलेली एकही बलरेषा जागची हलत नाही.