वाळवी देवदाराच्या वाटेला का जात नाही

सोलापुरात जुना वाडा पाडला की लोक आधी तुळया बघायला येतात, सागाच्या असतील तर लगेच गिऱ्हाईक मिळतं, कारण इथल्या वाळवीने दुसरं लाकूड कधीच पोखरून टाकलेलं असतं. हिमालयात हाच मान देवदाराला. काश्मिरातल्या हाऊसबोटी देवदाराच्या, श्रीनगरच्या जामा मशिदीचे उंचच उंच खांब देवदाराचे, आणि हिमाचलात एक थर दगड एक थर देवदार असं रचत घरं बांधतात, तीही चुना-सिमेंट न वापरता!

आता हे टिकतं कशामुळे? लाकूड कडक आहे म्हणून नाही, खरं तर देवदार सागापेक्षा हलकाच. सगळी करामत गाभ्यातल्या केमिस्ट्रीची आहे. झाड जाड होत जातं तशा आतल्या पेशी मरतात, पाणी वाहायचं काम संपतं, आणि मरता मरता त्या तेलकट द्रव्यं साठवून ठेवतात. देवदाराच्या तेलात हिमाचलीन, अटलांटोन असली रसायनं असतात, तो घमघमाट आपल्याला आवडतो पण किडीला आणि बुरशीला मानवत नाही. सालीलगतचं पांढरट लाकूड मात्र बाकीच्या लाकडांसारखंच सडतं. म्हणजे नुसतं देवदार आहे म्हणून भागत नाही, गाभा हवा, आणि कोवळ्या झाडात तो असतो किती?

हे इंग्रजांना बरोबर कळलं होतं. रेल्वेच्या रुळांखाली औषध न मारता टिकतील अशी लाकडं मुख्यतः तीनच, साग, साल आणि देवदार. मग काय, तोड इतकी झाली की 1864 ला वनखातं काढावं लागलं (जंगलाच्या प्रेमापोटी नाही हो, स्लीपर पुरावेत म्हणून).

सोलापूरकरांची देवदाराशी गाठ पडते ती काष्ठौषधीच्या दुकानात, बाळंतिणीच्या देवदार्व्यादी काढ्यासाठी. झाड इथं लावायचं म्हणाल तर विसरा, त्याला साधारण 1500 ते 3200 मीटर उंची आणि थंडी लागते, आपला मे महिना त्याला झेपायचा नाही. आणि बागेतला सुरू बघून कुणी देवदाराचा भाऊ म्हणेल, तर देवदार सूचिपर्णी, म्हणजे फुलांऐवजी शंकू धरणारा, आणि सुरू तसा नाहीच, चक्क फुलं येणारं झाड आहे. मोरपंखी मात्र खरी सूचिपर्णी, पण तीही बाहेरून आणून लावलेली.